घाबरलेला विद्यार्थी नेमके काय शिकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्गात आणि लेखी परीक्षेत उत्तम असणारे नर्सिंगचे व वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी रुग्णाजवळ उभे राहिले की त्यांना काही सुचेनासे होते. काही ज्येष्ठ शिक्षक म्हणतात की धाकाशिवाय ही विद्या येत नाही, तर काहींच्या मते विद्यार्थ्यांना ताणापासून शक्य तितके दूर ठेवावे. शिवाय एखादा रुग्ण दगावल्यावर किंवा हातून चूक झाल्यावर विद्यार्थी कोलमडला, तर त्याला ‘भावना बाजूला ठेव’ असे सांगावे की नाही, हेही विचारले आहे.

भूलशास्त्र आणि अतिदक्षता विभागात काम करताना, आणि पुढे सिम्युलेशन प्रयोगशाळेत, म्हणजे खऱ्यासारखे प्रसंग पुतळ्यांवर उभे करून, शिकवताना, या तिन्ही गोष्टींवर माझे मत बरेच पक्के झाले आहे, ते आधीच सांगते. ताण किती आहे याइतकेच तो कोठून येतो आहे हेही महत्त्वाचे असते. रुग्णाच्या अवस्थेतून येणारा ताण विद्यार्थ्याचे लक्ष रुग्णाकडे खेचतो. शिक्षकाच्या धाकातून येणारा ताण तेच लक्ष विद्यार्थ्याच्या स्वतःकडे, म्हणजे आपण कसे दिसतो आहोत आणि आता आपले काय होणार याकडे, वळवतो. पहिल्या प्रकारच्या ताणाला कसे सामोरे जावे हे योग्य क्रमाने शिकवता येते. दुसऱ्या प्रकारच्या ताणात जे शिकवायचे होते ते बहुधा शिकले जात नाही. शिकला जातो तो बचाव.

विद्यार्थ्याला सुचेनासे का होते, हे समजण्यासाठी शरीरात काय घडते ते थोडे पाहावे लागेल. प्रसंग धोक्याचा वाटला की काही सेकंदांतच अॅड्रेनालिन व नॉरअॅड्रेनालिन या संप्रेरकांचा प्रभाव सुरू होतो. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, हात थरथरतात. कॉर्टिसोल हे ताणाचे दुसरे संप्रेरक मागाहून वाढते आणि त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वाधिक होते. म्हणूनच प्रसंग निभावून गेल्यावरही, पुढच्या रुग्णाच्या वेळी, विद्यार्थी ‘जागेवर’ नसतो. मेंदूच्या पुढच्या भागात चालणारे काम, म्हणजे दोन-तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांची सांगड घालणे, या काळात कठीण जाते. त्याच वेळी लक्षाचा आवाका आकसतो. १९५९ साली ईस्टरब्रुक यांनी मांडले की उत्तेजना वाढत जाते तसतशी माणूस कमी कमी खुणांची दखल घेतो. आधी अनावश्यक खुणा गळतात, आणि ताण आणखी वाढला की आवश्यक खुणाही गळू लागतात. मॉनिटरवरच्या एकाच आकड्याकडे टक लावून उभा असलेला आणि रुग्णाच्या ओठांचा बदललेला रंग न दिसलेला विद्यार्थी निष्काळजी असतो असे नाही. त्याच्यापर्यंत ती खूण पोहोचलेलीच नसते.

स्मरणाचे गणित याहून वेगळे आहे, आणि इथेच बरेचसे गैरसमज जन्म घेतात. भावनिक प्रसंग ठळकपणे लक्षात राहतात हे खरे आहे. १९९४ साली केहिल, मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. ज्यांना आधी नॉरअॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल दिले होते, त्यांना गोष्टीतला भावनिक भाग इतरांइतका चांगला आठवला नाही; साध्या भागाच्या स्मरणात मात्र तसा फरक पडला नाही. भावना स्मृतीवर ठसा उमटवते, हे त्यातून दिसले. परंतु साठवलेली गोष्ट गरजेच्या वेळी बाहेर काढणे हे दुसरे काम आहे. २००० साली द केर्व्हाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोन (शरीरात कॉर्टिसोलमध्ये बदलणारे औषध) दिले, तर आठवण्याची क्षमता घटते; तेच औषध शिकण्याच्या वेळी दिले तर तसे होत नाही. वर्गात शिकलेले रुग्णाजवळ का आठवत नाही याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे. ज्ञान डोक्यात असते, पण ज्या क्षणी ते हवे त्या क्षणी वाट बंद झालेली असते.

‘थोडा ताण चांगला, जास्त ताण वाईट’ हे वाक्य प्रशिक्षणात सर्रास वापरले जाते आणि सोबत उलट्या कपासारखी एक वक्ररेषा दाखवली जाते. तिचे मूळ यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ सालच्या प्रयोगात आहे. त्यांनी उंदरांना दोन पेट्यांतला फरक ओळखायला शिकवले आणि चुकल्यास विजेचा झटका दिला. त्यातला निम्मा निष्कर्ष लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच निम्मा शिक्षकांच्या कामाचा आहे. फरक ओळखणे सोपे होते तेव्हा जोरदार झटक्यानेही शिकणे चांगले झाले; फरक ओळखणे अवघड झाले तेव्हा तुलनेने सौम्य झटकाच उपयोगी ठरला. योग्य ताण किती हे काम किती अवघड आहे यावर अवलंबून असते, आणि काम किती अवघड हे करणाऱ्यावर अवलंबून असते. जो ताण वरिष्ठ निवासी डॉक्टरला जागे ठेवतो, तोच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बधिर करतो, कारण वरिष्ठाच्या हाताला सवयीने जमणारी गोष्ट नवख्याला दर पावलाला विचार करून करावी लागते.

हे जवळून पाहायचे तर लहान मुलाच्या हृदयक्रिया बंद पडण्याच्या सिम्युलेशनमधला, वारंवार दिसणारा एक प्रसंग घेऊ. मॅनिकिन (सरावासाठीचा पुतळा) आहे १८ किलो वजनाच्या मुलाचे. छाती दाबण्याचे काम एकाकडे, श्वास देण्याचे दुसऱ्याकडे, आणि औषधे तयार करण्याचे एका विद्यार्थिनीकडे आहे. अॅड्रेनालिनच्या अँप्युलमध्ये १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते. त्यात ९ मिलिलिटर सलाइन मिसळले की ते दहापट पातळ होते आणि दर मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम राहते. डोस किलोमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे या मुलाला १८० मायक्रोग्रॅम, म्हणजेच पातळ केलेल्या औषधाचे १.८ मिलिलिटर. कागदावर हे गणित ती अर्ध्या मिनिटात सोडवते. इथे तिने अँप्युल व्यवस्थित फोडले, सलाइन ओढले, सिरिंजमधली हवा काढली, लेबल लावले; आणि मग सिरिंज हातात धरून ती थांबली. वजन दोनदा विचारले. कोणीतरी ‘दोन मिनिटे झाली’ म्हणाले. तिचे ओठ हलत होते: ‘एकशे ऐंशी... एक पॉइंट आठ की अठरा?’

हाताची सवयीची कामे टिकली आणि दशांशचिन्ह हरवले, हे इथे पाहण्यासारखे आहे. मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत छाती दाबणारा तिचा सहकारी तेवढ्याच ताणाखाली होता, पण ताणाने त्याचे काम फारसे बिघडवले नाही, कारण ती क्रिया सरावाने अंगवळणी पडली होती. लब्लाँ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अनुभवी पॅरामेडिकांवर, म्हणजे रुग्णवाहिकेतून तातडीचे उपचार देणाऱ्यांवर, केलेल्या अभ्यासात हेच दिसले: तणावपूर्ण सिम्युलेशननंतर औषधांच्या डोसची गणिते करताना त्यांची अचूकता घटली. ज्यांचे रोजचे कामच ताणाचे, त्यांचीही. तेव्हा ‘अनुभवाने हे आपोआप सुटते’ असे मानून चालत नाही. त्या विद्यार्थिनीला ‘घाबरू नकोस’ म्हणून काही साधले नसते. ट्रॉलीवर वजनानुसार मिलिलिटर छापलेला तक्ता ठेवणे, डोस मोठ्याने उच्चारणे आणि दुसऱ्याने तो परत म्हणून पडताळणे, या दोन गोष्टींनी तिच्या मनावरचा भार उतरतो. भावनेचा परिणाम कमी करण्याचा मार्ग अनेकदा भावनेला हात न लावता, कामाची मांडणी बदलून जातो.

आता धाकाविषयी. धाकाचे समर्थन करणाऱ्या ज्येष्ठांच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे आणि तो मी नाकारत नाही. आपल्या कामात चुकीची किंमत दुसऱ्या कोणालातरी मोजावी लागते, ही जाणीव विद्यार्थ्याला झालीच पाहिजे, आणि ती गोड बोलून झाकता कामा नये. हात न धुता रुग्णाला स्पर्श करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावे लागते. पण ही जाणीव रुग्णाकडून येऊ द्यावी. तिच्या जागी शिक्षकाच्या रागाची भीती बसवू नये. दोन्हींत ठोके सारखेच वाढतात, पण मन वेगवेगळ्या ठिकाणी जाते.

राउंडवरचे, म्हणजे वॉर्डातल्या फेरीवरचे, उदाहरण घ्या. रुग्णाचा रक्तदाब कमी आहे आणि शिक्षक विचारतात, ‘याचा बीपी का पडला असेल?’ विद्यार्थी म्हणतो, ‘सर, शरीरातले पाणी कमी झाले असेल.’ एक शिक्षक म्हणतात, ‘हे तुला पहिल्या वर्षातच यायला हवे होते. बाकीच्यांपैकी कोणाला येते?’ त्या क्षणापासून विद्यार्थी रुग्णाचा विचार करत नाही. रुग्णाच्या मानेच्या शिरा फुगलेल्या आहेत हे शेजारचा कोणी सांगतो, तेव्हा ते शब्द त्याच्या कानावरून जातात. दुसरे शिक्षक म्हणतात, ‘ठीक, ते एक कारण असू शकते. पाणी कमी झाले असते तर मानेच्या शिरा कशा दिसल्या असत्या? वाक आणि बघ.’ हा प्रश्न पहिल्यापेक्षा सोपा मुळीच नाही, उलट अधिक कठीण आहे, आणि उत्तर चूक होते हेही विद्यार्थ्याला लगेच कळते, कारण पाणी कमी असते तर मानेच्या शिरा फुगल्या नसत्या. फरक इतकाच की त्याची नजर रुग्णाच्या मानेकडे गेली. कडकपणा म्हणजे दर्जाविषयी तडजोड न करणे. त्यासाठी माणसाला चारचौघांत उघडे पाडण्याची गरज नसते.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. क्लूगर आणि डीनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायाच्या परिणामांवरील उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरलेली होती. त्यांचे स्पष्टीकरण असे की अभिप्राय माणसाचे लक्ष कामावरून स्वतःच्या लायकीकडे जितके वळवतो, तितका तो निष्प्रभ होत जातो. ‘तू हलगर्जी आहेस’ हे लायकीविषयीचे वाक्य झाले. ‘सुई शिरेत शिरल्यावर तू कोन कमी केला नाहीस, म्हणून ती शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून गेली’ हे कामाविषयीचे. दुसरे वाक्य ऐकायला तितकेच बोचरे असू शकते, पण त्याचे पुढे काहीतरी करता येते.

अपमानाचा परिणाम फक्त ज्याचा अपमान झाला त्याच्यापुरता राहत नाही. रिस्किन आणि सहकाऱ्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक शिक्षकाने मनात ठेवावा असा आहे. इस्रायलमधील नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांना अकाली जन्मलेल्या, आतड्याच्या गंभीर विकाराने खालावत जाणाऱ्या अर्भकाचे सिम्युलेशन दिले. काही पथकांना बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने सौम्यशी अपमानास्पद वाक्ये ऐकवली, ज्यांचा त्यांच्या कामगिरीशी काही संबंधही नव्हता. त्या पथकांचे निदान आणि प्रत्यक्ष कृती, दोन्हींचे गुण घटले. आणि त्यामागे मोठा वाटा याचा होता की सदस्यांनी एकमेकांना माहिती सांगणे आणि मदत मागणे कमी केले. ही शिकाऊ मुले नव्हती, कामात मुरलेले डॉक्टर व परिचारिका होत्या, आणि ओरडणे वगैरे काहीच घडले नव्हते. आपल्या वॉर्डांत सहज म्हणून खपणारी बोलणी याहून बरीच तिखट असतात.

धाकाचा आणखी एक तोटा उशिरा कळतो. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील पथके आणि औषधांच्या चुका यांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व व परस्परसंबंध असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त आढळल्या. तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथे त्या बोलून दाखवल्या जात होत्या म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९९९ साली त्यांनी पथकातील मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे प्रश्न विचारला किंवा चूक सांगितली तरी अपमान होणार नाही या विश्वासाची, कल्पना सविस्तर मांडली. ज्या विभागात विद्यार्थी कधीच काही विचारत नाहीत आणि ज्यांच्याकडून कधीच काही चुकत नाही, तो विभाग शिस्तीचा असल्याचे मानण्याआधी शिक्षकाने जरा थांबून पाहावे. विद्यार्थ्याने न विचारलेला प्रश्न पुढे रुग्णाच्या वाट्याला जातो.

तरीही दुसऱ्या टोकाचे मत, विद्यार्थ्यांना ताणापासून दूरच ठेवावे हे, मला मान्य नाही. रुग्ण शांतपणे आजारी पडत नाहीत. ज्याने श्वासनलिकेत नळी घालण्याचा सराव केवळ शांत खोलीत, झोपलेल्या मॅनिकिनवर केला आहे, त्याला रक्ताने भरलेल्या तोंडात स्वरयंत्र शोधायला सांगणे हे त्याच्यावर आणि रुग्णावर अन्याय करणारे आहे. प्रश्न क्रमाचा आहे. नवे कौशल्य शांततेत, तुकड्या-तुकड्यांनी, चुकायला भरपूर वाव देऊन शिकवावे. ते हाताला बसले की घड्याळ आणावे, मग अलार्मचे आवाज, मग अस्वस्थ नातेवाईक, मग अपुरी माहिती देणारा सहकारी. ताणाची प्रत्येक पायरी कौशल्याच्या एक पायरी मागून यावी. पोहणे शिकवताना उथळ पाण्यात हातपाय मारायला आल्यावरच खोल पाण्यात नेतात, तसेच हे आहे. आणि खोल पाण्यात न्यावे लागतेच.

सिम्युलेशन करणाऱ्यांना नाट्याचा मोह होतो, म्हणून इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते. फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अंतिम वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटातील सिम्युलेशनमधला रुग्ण अनपेक्षितपणे दगावला, दुसऱ्यातला जगला. दगावलेल्या रुग्णाच्या गटाने अधिक नकारात्मक भावना आणि अधिक बौद्धिक भार नोंदवला, आणि तीन महिन्यांनी तशाच प्रसंगात तपासले तेव्हा त्या गटातले विद्यार्थी सक्षम ठरण्याचे प्रमाण कमी होते. ‘मॅनिकिन मेला की धडा कायमचा लक्षात राहतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मृत्यू लक्षात राहिला. त्यातून शिकायचे होते ते उपचार राहिले नाहीत. मृत्यूला सामोरे जाणे, नातेवाइकांना ती बातमी सांगणे हाच धड्याचा विषय असेल, तर सिम्युलेशनमधला मृत्यू अवश्य असावा, आणि तो आधीपासून ठरवलेला असावा. विषय औषधांच्या विषबाधेवरचा उपचार असेल, तर रुग्ण मारून काही मिळत नाही.

भावनांचा परिणाम केवळ भीतीपुरता आणि केवळ नवख्यांपुरता नसतो, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांत श्मिट, मामेदे आणि सहकाऱ्यांनी निवासी डॉक्टरांना लेखी केसेस दिल्या. काही केसेसमध्ये रुग्ण उद्धट, आक्रमक किंवा सतत मागण्या करणारा होता, काहींत तोच आजार असलेला रुग्ण साध्या वागणुकीचा होता. त्रासदायक रुग्णांच्या बाबतीत निदाने अधिक चुकली, जरी केसवर घालवलेला वेळ जवळपास सारखाच होता. एका प्रयोगात तर डॉक्टरांना अशा रुग्णांची लक्षणे कमी आणि वागणे जास्त आठवले. उलट बाजूनेही पुरावा आहे: एस्ट्राडा, आयझेन आणि यंग यांच्या १९९७ सालच्या प्रयोगात, आधी थोडीशी मिठाई भेट मिळालेल्या डॉक्टरांनी यकृताच्या विकाराची शक्यता लवकर विचारात घेतली आणि पहिल्या अंदाजाला ते कमी चिकटून राहिले. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक सवय लावते. एखाद्या रुग्णाचा राग आला, कंटाळा आला, किंवा तो फार आवडला, की ती भावना ही स्वतःसाठीची सूचना समजावी आणि आपण केलेले रोगनिदान पुन्हा एकदा तपासावे. ‘हा दर आठवड्याला येणारा’ असे मनात आले की तपासणी आखूड होते. नेमके तेव्हाच ती पूर्ण करावी.

छाती धडधडणे हे अपयशाचे चिन्ह आहे, अशी अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते, आणि ही समजूतच त्यांना जास्त बिघडवते. जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली विद्यार्थ्यांना गणिताच्या सराव परीक्षेआधी फक्त एवढेच सांगितले की ही उत्तेजना कामगिरीला मदत करू शकते. ज्यांना सांगितले त्यांची कामगिरी अधिक चांगली झाली. मीही पहिल्या दिवशीच सांगते की हात थरथरतील, आणि थरथरत्या हातानेही शीर सापडते. मनगट रुग्णाच्या हातावर टेकवा, श्वास सोडताना सुई पुढे न्या. त्यापलीकडे या विषयावर फार बोलण्याची गरज मला वाटत नाही. सल्ला जितका लांबतो तितके लक्ष पुन्हा स्वतःकडे वळते.

डीब्रीफिंगवर मात्र वेळ खर्च करावा. प्रसंगानंतरची ही चर्चा मला प्रसंगापेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण भावनेने लक्षात काय राहावे हे इथे ठरवता येते. सुरुवात नेहमी ‘कसे वाटते आहे?’ या प्रश्नाने करावी आणि त्या वेळी दुरुस्त्या करू नयेत. भावनेला शब्द दिल्याने मेंदूतील भीतीशी निगडित भागाची सक्रियता घटते, असे लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले आहे. पण त्याहून व्यावहारिक कारण असे की जे बोलले गेले नाही ते पुढची वीस मिनिटे मनात घोळत राहते आणि बाकीचे काही आत शिरू देत नाही. मघाच्या विद्यार्थिनीशी झालेले बोलणे साधारण असे असते. ‘कसे वाटले?’ ‘मॅडम, मला साधे गणितही जमले नाही.’ ‘नेमके कोणत्या क्षणी अडले?’ ‘सिरिंज भरेपर्यंत ठीक होते. दोन मिनिटे झाली असे ऐकले आणि आकडेच दिसेनात.’ ‘मला दिसले की तू वजन दोनदा विचारलेस, आणि मला वाटले की तुझी खात्री होत नाहीये, पण तू कोणाला पडताळायला सांगितले नाहीस. तेव्हा मनात काय होते?’ ‘विचारले तर सगळ्यांना कळेल की मला येत नाही.’ इथे खरा धडा हाती लागतो. अडचण गुणाकाराची नव्हती. पडताळणी मागणे म्हणजे अज्ञान कबूल करणे, असे तिच्या मनात कोणीतरी बसवले होते, आणि ते काढणे हे त्या पथकातल्या सर्वांचे काम आहे. त्यानंतर तोच प्रसंग लगेच पुन्हा करून घ्यावा. यश मिळून संपलेली दुसरी फेरी मनात राहू द्यावी. अपयशावर सत्र संपवू नये.

शिक्षक इथे आपले निरीक्षण, त्यावरचे आपले मत आणि प्रश्न हे तिन्ही उघडपणे मांडतो, हे ध्यानात घ्यावे. मत लपवून ‘तुला काय वाटते, अजून काय करता आले असते?’ असे गोल गोल विचारत राहणे विद्यार्थ्यांना लगेच कळते, आणि त्यात सौजन्य असले तरी प्रामाणिकपणा नसतो.

राहिला तिसरा भाग, भावना बाजूला ठेवण्याचा. विल्यम ऑस्लर या नामवंत वैद्यकशिक्षकांनी १८८९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील निरोपाच्या भाषणात तरुण डॉक्टरांना धीरगंभीरपणाचा उपदेश केला होता, आणि तो अजून उद्धृत केला जातो. त्याच भाषणात त्यांनी हृदय कठोर होऊ न देण्याचेही सांगितले होते, तो भाग मागे पडतो. रुग्णाच्या समोर, काम चालू असताना, भावना आवरून धरणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवावेच लागते. पण आवरून धरलेली गोष्ट नंतर कोठेतरी ठेवायला जागा हवी. ती नसली की विद्यार्थी दुसरा मार्ग शोधतो: काही न वाटू देण्याचा. होजात आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये जाण्याच्या वर्षी, घटत असल्याचे नोंदवले. मला त्यात विद्यार्थ्यांचा दोष दिसत नाही. त्यांनी पाहिलेल्या पहिल्या मृत्यूनंतर त्यांच्याशी कोणी बोलले होते का, हे आधी विचारावे.

त्यासाठी मोठी योजना लागत नाही. रुग्ण दगावल्यावर पथकाने मिनिटभर थांबणे, त्या दिवशीच्या ज्येष्ठाने ‘मलाही हे जड गेले’ असे सरळ म्हणणे, आणि संध्याकाळी विद्यार्थ्याला एकदा विचारणे, एवढ्याने बरेच होते. ज्येष्ठाचे ते वाक्य फार मोलाचे असते, कारण विद्यार्थी भावनांविषयी व्याख्यानातून थोडे आणि आपल्याकडे पाहून पुष्कळ शिकतात.

विद्यार्थ्याच्या हातून चूक होऊन रुग्णाला इजा झाली असेल, तर क्रम ठरलेला असावा: आधी रुग्णाची काळजी, मग रुग्णाला व कुटुंबाला खरे सांगणे, आणि त्याच दिवशी त्या विद्यार्थ्याला एकटे न सोडणे. चुकीत सापडलेल्या डॉक्टरालाही आधार लागतो, हे आल्बर्ट वू यांनी २००० साली ठामपणे मांडले. आधार देणे म्हणजे जबाबदारीतून सोडवणे नव्हे; कुटुंबाशी बोलताना विद्यार्थ्याने ज्येष्ठांसोबत उपस्थित राहणे मला योग्य वाटते, अर्थात कुटुंबाची हरकत नसेल तर. ‘असे होतेच, विसरून जा’ हे सांत्वन मात्र टाळावे. तो विसरू शकत नाही, आणि विसरू नये अशीच आपली अपेक्षा असते. त्याला पुढच्या एक-दोन दिवसांत, देखरेखीखाली, तेच काम पुन्हा करू द्यावे. आठवडाभर दूर ठेवले की भीती त्या कामाला चिकटते.

एक मर्यादा शिक्षकांनी स्वतःसाठी आखून घ्यावी. २०१६ साली रोटेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी जगभरातील अभ्यास एकत्र करून दाखवले की वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा नैराश्याच्या लक्षणांचे प्रमाण २७.२ टक्के, आणि आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण ११.१ टक्के आहे. म्हणजे आपल्या समोरच्या तुकडीत असे कोणी ना कोणी असणारच. झोप उडणे, काम टाळणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उठणे हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर तो डीब्रीफिंगचा विषय राहत नाही; तिथे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. उत्तर होकारार्थी आले तर दोन आठवड्यांची वाट पाहू नये, त्याच दिवशी मदत मिळवून द्यावी आणि तोवर त्याच्यासोबत कोणीतरी थांबावे. आणि ज्याच्याकडे विद्यार्थ्याला पाठवायचे, ती व्यक्ती त्याचे गुण देणाऱ्यांपैकी नसावी. जो उद्या परीक्षक म्हणून बसणार आहे, त्याच्यापुढे कोणताही विद्यार्थी मन मोकळे करत नाही, आणि करावे अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही.